म्हाताऱ्या माणसाला संडासातून वारंवार रक्त जातंय? मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका

आपल्याकडं घरातल्या वयस्कर माणसाला संडासातून रक्त गेलं की पहिला शब्द निघतो मूळव्याध, आणि दुसरा उष्णता. मग ताक, सब्जा, कुणीतरी सांगितलेला पाला, नाहीतर रस्त्याकडंला 'मूळव्याध, भगंदर' अशी पाटी लावलेला दवाखाना. चार दिवसांत रक्त थांबतं आणि सगळे विसरून जातात. दोन-तीन महिन्यांनी परत जातं, परत थांबतं. असं चार-पाच वेळा झालं की जो म्हातारा वरच्या शेतापर्यंत चालत जायचा तो सोप्याची पायरी चढताना धापा टाकायला लागतो. तेव्हा रक्त तपासलं की हिमोग्लोबिन सहा निघतं.

आतड्यातलं रक्त बऱ्याच वेळा आपोआप थांबतं. त्यामुळंच घरचे फसतात. साठीच्या पुढच्या माणसाला संडासातून रक्त गेलं, ते एकदाच गेलं असलं तरी, त्याची तपासणी झाली पाहिजे. आणि ज्याला वारंवार जातंय त्याच्या घरच्यांनी हे दुखणं शुगर-बीपीसारखं धरून चालायचं. वही ठेवायची, गोळ्यांवर नजर ठेवायची, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं आणि कधी पळायचं हे आधीच ठरवून ठेवायचं.

रक्त येतं कुठनं

मूळव्याध असतेच, नाही असं नाही. पण मूळव्याध आहे म्हणून दुसरं काही नाही, असं होत नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, आणि जुनी मूळव्याध असलेल्या माणसातच आतली गाठ उशिरा सापडते, कारण "जुनी मूळव्याध हाय माझी, त्यात काय बघायचंय" हे उत्तर तयार असतं.

उतारवयात मोठ्या आतड्याच्या भिंतीला जागोजागी लहान फुग्यासारख्या पिशव्या तयार होतात. त्यातली एखादी रक्तवाहिनी फुटली की पोटात न दुखता एकदम भरपूर लाल रक्त जातं. घरचे घाबरतात, पण बहुतेक वेळा ते आपलं आपण थांबतं. थांबलं तरी पुढं परत होऊ शकतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक रक्तवाहिन्या फुगून नाजूक होतात, कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात. त्या थोड्या झिरपतात, थांबतात, परत झिरपतात. डोळ्यांना रक्त दिसेलच असं नाही, नुसतं हिमोग्लोबिन उतरत जातं. ज्यांची किडनी कमजोर आहे, जे डायलिसिसवर आहेत, किंवा ज्यांच्या हृदयाची महाधमनीची झडप वयानं कडक झाली आहे, त्यांच्यात हे जास्त दिसतं. झडप आणि आतड्यातलं रक्त यांचा संबंध एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९५८ साली लिहून ठेवला. म्हणून "छातीत आवाज येतोय, टूडी इको करा" असं कुणी पूर्वी सांगितलं असेल तर तो कागद पोटाच्या डॉक्टरलाही दाखवा. त्याचा इथं काय संबंध, असं म्हणून घरी ठेवू नका.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहेच. उजव्या बाजूची गाठ तर रक्त दाखवतच नाही, नुसता थकवा आणि पांढरेपणा आणते. संडासची सवय बदलणं, कधी बद्धकोष्ठ कधी जुलाब, वजन उतरणं, ही लक्षणं सोबत असतील तर एक दिवसही घालवू नका. जठरातला अल्सर, दारूमुळं लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा, रक्ती आव, हीही कारणं असतात. बायकांच्या बाबतीत एक गोष्ट विचारायची राहून जाते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पूर्वी शेक, म्हणजे रेडिएशन, दिलेलं असेल तर त्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, गुदाशयातून रक्त जाऊ शकतं. हे डॉक्टरला आपण सांगितलं नाही तर त्यांना कळणार कसं?

रंग ओळखा, फोटो काढा

लालभडक रक्त बहुधा खालच्या भागातलं असतं. डांबरासारखा काळा, चिकट आणि वेगळाच घाण वास येणारा संडास म्हणजे वर कुठंतरी, जठरात किंवा लहान आतड्यात, रक्त गेलं आहे आणि पचून खाली आलं आहे. काळा संडास लोकांना रक्त वाटत नाही आणि तिथंच वेळ जातो. वरून खूप जोरात रक्त जात असेल तर तेही लाल किंवा तपकिरी येऊ शकतं, म्हणजे रंगावरून सगळं ठरत नाही.

लोहाच्या गोळीनंही संडास काळा होतो. पण तो डांबरासारखा चिकटत नाही आणि त्याला तसा वास येत नाही. बीट किंवा लाल गराचं ड्रॅगन फ्रूट खाल्लं की लाल दिसतं, हल्ली आपल्याकडंही ड्रॅगन फ्रूटची लागवड झाली आहे म्हणून सांगतोय.

खरी अडचण अशी की म्हातारी माणसं सांगत नाहीत. नजर अधू, संडासात उजेड कमी, आणि लाज. मुलाला सांगायचं कसं, सुनेला सांगायचं कसं. "कशाला पोरांस्नी तरास" म्हणून आजी चार-चार महिने गप्प बसते. म्हणून संडासात चांगला पांढरा बल्ब लावा. रंग विचारू नका, वेगळं विचारा: पाणी ओतल्यावर चिकटून राहतंय का, वास वेगळा येतोय का. आजीशी ज्याचं पटतं त्यानं विचारावं, बऱ्याच घरांत ती नात असते. संशय आला की मोबाईलवर फोटो काढून ठेवा. किळस वाटेल, पण "थोडं लाल होतं बहुतेक" यापेक्षा एक फोटो डॉक्टरला जास्त सांगून जातो.

गोळ्यांची पिशवी आधी उपडी करा

वारंवार रक्त जाणाऱ्या माणसाच्या घरात सगळ्यात जास्त फायदा होतो तो इथं.

गुडघे दुखतात, कंबर दुखते. गावातल्या मेडिकलमधनं किंवा बाजारादिवशी आणलेली गोळी असते, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन असल्या नावाची. या गोळ्या जठराला तर घाव करतातच, शिवाय खालच्या आतड्यातलं रक्तही वाढवतात. "आम्ही अॅसिडिटीची गोळी सोबत देतोय" म्हणून निर्धास्त राहू नका. ती गोळी जठर आणि त्याच्या लगेच खालचा भाग सांभाळते, पुढच्या आतड्याला तिचा उपयोग नाही. आणि गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं म्हणूनही सुटका नाही, औषध रक्तातूनच सगळीकडं जातं. ऊसतोडीच्या दिवसांत एका इंजेक्शनवर आठवडा काढणारे म्हातारे आपण सगळ्यांनी बघितलेत. ज्याला एकदा आतड्यातून रक्त गेलं आहे त्याला ही औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायचीच नाहीत. दुखण्याला साधी पॅरासिटामॉल, तीही मापात, आणि लिव्हरचा त्रास असेल तर विचारून. शेक, पट्टा, मलम यावर भागत असेल तर उत्तम.

सांधेदुखीच्या पुड्या हा वेगळाच विषय आहे. नाव नसलेली, कागदात बांधलेली, तीन दिवसांत गुण देणारी पुडी. अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं सापडल्याच्या घटना देशात अनेक वेळा पुढं आल्या आहेत. झटपट गुण येतो तो त्यामुळंच. पुडी चालू असेल तर डॉक्टरपुढं लपवू नका. मात्र बरेच महिने घेत असलेली पुडी एकदम तोडू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर अचानक बंद केल्यानं वेगळाच धोका होतो. डॉक्टरला दाखवून बंद करा.

आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा अॅसिट्रोम, अॅपिक्साबॅन, डाबिगॅट्रान. ज्यांना अॅटॅक आला, स्टेंट बसला, लकवा झाला, हृदयाचे ठोके अनियमित आहेत किंवा झडप बदलली, त्यांना या चालू असतात. इथं दोन्हीकडनं खड्डा आहे. चालू ठेवल्या तर रक्त जातं, आपल्या मनानं बंद केल्या तर स्टेंट बंद पडू शकतो किंवा लकवा होऊ शकतो. रक्त थोडं दिसतंय तर त्याच दिवशी हृदयाच्या डॉक्टरला फोन करून विचारा. जोरात जातंय तर तडक दवाखाना गाठा आणि पुढची गोळी तिथं विचारूनच घ्या. बंद केली तर परत कधी सुरू करायची ती तारीख लिहून घ्या. बंद केलेली गोळी सुरू करायची राहूनच गेली, असं घरोघरी होतं.

कधीच अॅटॅक नाही, स्टेंट नाही, लकवा नाही, तरी कुणीतरी 'खबरदारी म्हणून' अॅस्पिरिन सुरू केलेली आहे, असेही लोक गावात आहेत. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत बहुतेक सत्तरीच्या पुढच्या निरोगी लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. अशा लोकांना अॅस्पिरिनचा फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. तेव्हा ही गोळी कशासाठी आहे, हे डॉक्टरला एकदा सरळ विचारा.

जोरात रक्त गेलं तर

भरपूर रक्त किंवा गाठी जाणं, डांबरी काळा संडास, रक्ताची उलटी, उठल्यावर चक्कर, गार घाम, धाप, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ. यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा, ती सेवा मोफत आहे. नाडीवर फार विसंबू नका. रक्त गेलं की नाडी जलद होते, पण बीपीसाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर ती वाढतच नाही आणि माणूस बरा वाटतो.

माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे उंच करा. उलटी होत असेल तर कुशीवर. लिंबूपाणी, दूध, साखरपाणी काही देऊ नका, दुर्बीण घालायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. चक्कर येणारा माणूस बसता ठेवला की बीपी आणखी उतरतं. गाडीच करायची तर आडवं झोपता येईल अशी करा. गोळ्यांची सगळी पाकिटं, जुनी फाईल, आधार आणि रेशन कार्ड एका पिशवीत.

चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीच्या आतल्या वाड्यांतनं कोल्हापूर लांब पडतं. तिथं थेट शहराकडं पळण्याच्या नादात वाटेत माणूस खचतो. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, गडहिंग्लज भागात उपजिल्हा रुग्णालयात, आधी शिरेतून सलाईन सुरू करून घ्या आणि मग पुढं हलवा. पुढं म्हणजे बहुतेकांसाठी सीपीआर, आपला थोरला दवाखाना. चंदगडकरांना बेळगाव जवळ पडतं, पण तिथं आपल्याकडची योजना चालेल का हे आधी फोनवर विचारा.

आणखी एक. रक्त गेल्यावर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन बरोबर दिसू शकतं, कारण उरलेलं रक्त पातळ व्हायला वेळ लागतो. "दहा हाय की, जावा घरी" असं ऐकून लगेच परतू नका, काही तासांनी परत तपासायला सांगा.

दुर्बीण, आणि 'काही सापडलं नाही' हे उत्तर

तोंडावाटे दुर्बीण घालून जठर बघतात, खालून घालून मोठं आतडं. मोठ्या आतड्याच्या तपासणीआधी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसाला खरा त्रास तपासणीपेक्षा आदल्या रात्रीचा होतो. रात्रभर संडासाला उठायचं, त्यात अंधारात पडून खुबा मोडायचा. त्या रात्री एक माणूस जागा ठेवा. किडनी, हृदय, शुगर यापैकी काही असेल तर कोणतं औषध प्यायचं आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचं, हे आधी लिहून घ्या.

दोन्ही दुर्बिणी झाल्या आणि "सगळं नॉर्मल" असं लिहून आलं की घरचे चिडतात. पैसे गेले, हाल झाले, हाती काय? पण झिरपणारी शीर त्या दिवशी बंद असेल तर दिसत नाही. आणि शंभरातल्या साधारण पाच-दहा जणांचं रक्त लहान आतड्यातून येतं, जिथं या दोन्ही दुर्बिणी पोचत नाहीत. तिथं कॅप्सूल तपासणी असते. कॅमेरा असलेली मोठी गोळी गिळायची, ती काही तास आतले फोटो पाठवते आणि संडासवाटे निघून जाते. ती बाहेर पडेपर्यंत एमआरआय करायचा नाही. रक्त चालू असतानाच सीटी अँजिओग्राफी केली तर गळती कधी कधी नेमकी दिसते. नाजूक शिरा सापडल्या तर दुर्बिणीतूनच भाजून बंद करतात. त्या एकाच जागी नसतात, म्हणून भाजल्यावरही परत रक्त गेलं तर डॉक्टरनं फसवलं असं समजू नका.

रक्ताच्या पिशव्या आणि लोह

हिमोग्लोबिन पुरुषाचं १३ च्या खाली, बाईचं १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. पण म्हणून लगेच रक्त चढवत नाहीत. साधारण ७ च्या खाली, हृदयाचा आजार असेल तर ८ च्या आसपास, चढवतात. एका पिशवीनं साधारण एक ग्रॅम वाढतं. "दोन-तीन पिशव्या एकदम चढवा, एवढं आलोय तर" असा आग्रह धरू नका. म्हाताऱ्या हृदयाला एकदम आलेलं पाणी झेपत नाही, फुप्फुसात पाणी होतं. रक्तपेढीत बदली रक्तदाता मागू शकतात. १८ ते ६५ वयाचे, ४५ किलोच्या वरचे, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असलेले दोघं-तिघं गावात आधीच सांगून ठेवा. गट तोच पाहिजे असं नाही.

गेलेलं रक्त भरून काढायचं तर लोह पाहिजे. गूळ, खजूर, बीट यावर ते भरत नाही. आपण गुळाच्या जिल्ह्यातले, त्यामुळं हे पटायला जड जाईल, पण गुळात लोह थोडं असतं आणि साखर भरपूर. लोहाची गोळी रोज एक किंवा एक दिवसाआड, डॉक्टर सांगतील तशी, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि दूध तिच्या आगेमागे तासभर नको. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, कारण आतला साठा रिकामा असतो. गोळी सोसत नसेल किंवा उपयोग होत नसेल तर शिरेतून लोह देतात. त्यानं बऱ्याच जणांचं रक्त चढवणं टळतं, तेव्हा विचारून बघा.

जेवणाबद्दल फार भीती घालतात. मिरचीनं आतड्यातली शीर फुटत नाही. मूळव्याधीची आग वाढते म्हणून तांबडा रस्सा कमी केला तर ठीक. शेंगदाणे, तीळ, पेरूच्या बिया त्या पिशव्यांत अडकतात म्हणून बंद करायला सांगतात, पण अमेरिकेत हजारो पुरुषांवर अठरा वर्षं लक्ष ठेवून केलेल्या आणि २००८ साली छापलेल्या अभ्यासात तसं काही दिसलं नाही. भाकरी, पालेभाजी, पाणी व्यवस्थित, म्हणजे कुंथावं लागत नाही.

किती पळायचं, हे कोण ठरवणार

पंच्याऐंशीच्या पुढचं माणूस, अंथरुणाला खिळलेलं, आठवण गेलेली. त्याला दर वेळी शहरात न्यायचं, दुर्बीण घालायची का? पुण्या-मुंबईतला मुलगा फोनवर म्हणतो मोठ्या दवाखान्यात न्या, खर्चाचं बघू. आदल्या रात्रीचं पोट साफ करायचं औषध पाजणारी सून वेगळी असते. दोघंही खोटं बोलत नाहीत. अशा वेळी डॉक्टरला एक प्रश्न नेमका विचारावा: या तपासणीत जे सापडेल, त्यावर या वयात या तब्येतीला उपचार करणार आहात का? उत्तर "नाही" असेल, तर लोह देत राहणं, लागेल तेव्हा जवळच्या दवाखान्यात रक्त चढवणं आणि घरी ठेवणं, हाही उपचारच आहे. त्याला सोडून दिलं असं म्हणत नाहीत. आणि माणूस शुद्धीवर, समजणारं असेल तर आधी त्याला विचारा. म्हाताऱ्यांना या चर्चेत कुणी बसवतच नाही, सगळं ओसरीवर ठरतं आणि ते आत ऐकत असतात. हा निर्णय तब्येत बरी असताना घ्यावा. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेच्या दारात तो नीट होत नाही.

वही, कार्ड आणि पावसाळा

दोनशे पानी वही पुरते. तारीख, रंग, किती गेलं, हिमोग्लोबिन, पिशव्या किती चढवल्या, कुठली गोळी बंद केली आणि कधी सुरू केली. रक्त थांबल्यावरही सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी आणि मग डॉक्टर सांगतील तसं हिमोग्लोबिन तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं, आशाताईंना सांगून ठेवा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरवून दिलेले उपचार आहेत. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ते ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं आणि आधारवर निघतं. मात्र ही योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी असते. नुसती बाहेरून केलेली तपासणी त्यात बसेलच असं नाही, म्हणून पैसे भरायच्या आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. चौकशीसाठी १५५३८८ आणि १४५५५ हे क्रमांक आहेत.

शिरोळ, करवीर, हातकणंगले, कागल भागातल्या नदीकाठच्या गावांनी एक जास्तीचं करायचं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात रस्ते कसे बंद झाले ते सांगायला नको. ज्या घरात असं रक्त जाणारं माणूस आहे, त्यांनी पंचगंगेचं पाणी इशारा पातळीकडं सरकायला लागलं की जनावरं हलवायच्या आधी त्या माणसाला दवाखान्याच्या बाजूच्या पाहुण्यांकडं हलवावं. महिन्याच्या गोळ्या, वही आणि कार्डांची पिशवी त्याच्यासोबतच द्यावी.